उथळ पाण्यातली मासेमारी आणि घरच्यांची सहल : एकच होडी दोन्हींना पुरेल का?



मागच्या पालकसभेनंतर चहा घेताना एका पालकांनी प्रश्न विचारला. "घरची जुनी लाकडी होडी आता थकली. नवी घ्यायची आहे. रविवारी पहाटे गळ टाकायला, पाग मारायला ती उपयोगी पडावी आणि सुट्टीत आजी-आजोबा, मुले अशा सगळ्यांना घेऊन नदीतून फिरूनही यावे. अशी होडी कोणती?" प्रश्न साधा वाटला तरी उत्तर एका वाक्यात देता येईना. आपल्या शाळेतील कितीतरी मुले मांडवी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी राहतात. घरात होडी नसली तरी मामाकडे किंवा शेजारी असतेच. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

दोन कामे, दोन ओढी

आपल्याकडची उथळ पाण्यातली मासेमारी म्हणजे काय? खाजनाच्या बांधाजवळ, खारफुटीच्या मुळांशी, रेतीच्या पट्ट्यावर, कधी गुडघाभर तर कधी कंबरभर पाण्यात शेवटे, काळुंदर, चोणक, तांबोशी, कुर्ल्या यांच्या मागावर जाणे. या कामाला होडी हलकी हवी, कमी पाण्यात तरंगणारी हवी आणि काठ फार उंच नको. काठ उंच असला की जाळे ओढताना कंबर मोडते. शिवाय एका माणसाला ती वल्ह्याने किंवा बांबूने ढकलता आली पाहिजे.

सहलीचे काम नेमके उलटे. सहलीला माणसे जास्त, त्यांत काही लहान, काही वयस्क. कोणी अचानक उठून उभे राहणार, कोणी पाण्यात हात घालायला वाकणार. म्हणून होडी रुंद हवी, काठ जरा उंच हवा, बसायला पक्की जागा हवी आणि डोक्यावर सावली हवी. एक होडी दोन्ही कामे करू शकते, पण कोणतेही काम शंभर टक्के करणार नाही. तडजोड कुठे करायची आणि कुठे मुळीच करायची नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

होडी पाण्यात किती बसते?

आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. हा सिद्धांत आपल्या होडीला लावून पाहू.

समजा, १५ फूट लांब आणि ५ फूट रुंद अशी सपाट तळाची फायबरची होडी आहे. नाळेकडे ती निमुळती होत जाते, म्हणून पाण्यावर टेकणारा तळ सुमारे ४ चौरस मीटर धरू. होडीचे वजन १८० किलो, इंजिन ४० किलो, पेट्रोल, नांगर व इतर सामान ३० किलो आणि आई, बाबा, आजी व दोन मुले मिळून २५० किलो. एकूण ५०० किलो. म्हणजे ५०० लिटर, अर्थात अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. अर्ध्याला चारने भागा. उत्तर ०.१२५ मीटर, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. होडीचा एवढा भाग पाण्याखाली राहतो. याला आपण 'बुडीत खोली' म्हणू.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. या होडीत ४० किलो वजन वाढले की ती १ सेंटीमीटर खाली बसते. "आणखी एक मूल बसले तर काय बिघडते?" असे आपण सहज म्हणतो. बिघडते ते एवढेच, पण प्रत्येक मुलामागे बिघडते.

मात्र बुडीत खोली साडेबारा सेंटीमीटर म्हणजे तेवढ्या पाण्यात होडी चालेल, असे नाही. बाहेर लावलेल्या इंजिनाचा पंखा आणि त्याखालचे पाते तळाच्या खाली साधारण ३० सेंटीमीटर जाते. म्हणजे इंजिन चालू ठेवायचे तर अंदाजे अर्धा मीटर पाणी हवेच. त्याहून उथळ जागी इंजिन बंद करून वर उचलायचे आणि वल्हे किंवा बांबू हातात घ्यायचा. म्हणून इंजिन घेताना ते सहज वर उचलून अडकवता येते की नाही, हे स्वतः करून पाहावे. इंजिनाचा दांडाही होडीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळणारा हवा. १५ इंची आखूड आणि २० इंची लांब असे दोन प्रकार नेहमी मिळतात. आखूड फळीला लांब दांडा लावला तर पंखा उगाच खोल जातो आणि पहिल्याच रेतीच्या पट्ट्यावर आपटतो.

तळाचा आकार

सपाट तळाची होडी सर्वांत कमी पाण्यात चालते आणि उभे राहून पाग मारायला स्थिर असते. पण समोरून लाट आली की धाड्‌धाड् आपटते. दहा मिनिटांत आजीची पाठ तक्रार करू लागते.

इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची होडी लाट कापत जाते आणि अंगावर पाणी कमी उडते. पण ती पाण्यात खोल बसते, आणि उभी असताना एका बाजूला वजन गेले की लगेच कलते. मोकळ्या समुद्रासाठी ती चांगली, खाडीतल्या गळासाठी नव्हे.

उलांडीची होडी आपल्या किनाऱ्याची जुनी ओळख आहे. अरुंद होडीला बाजूला लाकडी ओंडका बांधला की ती सहजी उलटत नाही. पण खारफुटीच्या फांद्यांत आणि गर्दीच्या धक्क्यावर उलांडी अडकते, आणि आत बसायला जागा कमीच असते.

दोन्ही कामांसाठी मधला मार्ग बरा : नाळेकडे थोडा टोकदार आणि मध्यापासून मागे जवळपास सपाट होत गेलेला तळ. नदीतल्या छोट्या लाटा नाळ कापते आणि मागचा सपाट भाग बुडीत खोली कमी ठेवतो.

रुंदीचा हिशेब

वजन आणि लांबी तीच ठेवून रुंदी वाढवली तर होडीचा कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४ फुटांचा घन ६४, ५ फुटांचा १२५. म्हणजे एका फुटाने रुंदी वाढली की विरोध जवळपास दुप्पट झाला. म्हणून लांबीवर पैसे घालण्याआधी रुंदीवर घालावेत.

पण या हिशेबाला दोन शत्रू आहेत. पहिला, उभा राहिलेला माणूस. तो उभा राहिला की सगळ्या वजनाचा मध्य वर सरकतो आणि होडी हळवी होते. दुसरा, तळाशी साचलेले पाणी. होडी कलली की ते पाणी धावत खालच्या बाजूला जाते आणि तिला आणखी कलवते. म्हणून पाणी उपसायचे भांडे होडीत कायम हवे आणि ते दोरीने बांधलेले हवे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण एका अरुंद, उसन्या होडीतून चोडणच्या बाजूला गेलो होतो. खारफुटीत बगळा दिसला म्हणून एक मूल उठून उभे राहिले. त्याला धरायला दोघे त्याच बाजूला वाकले आणि काठावरून पाणी आत आले. होडी उलटली नाही, हे नशीब. पाणी उपसण्यात वेळ गेला, तोवर ओहोटी लागली आणि आम्ही चिखलात रुतून बसलो. त्या चिखलात पाय टाकला तर मांडीपर्यंत जातो, त्यामुळे चालत किनारा गाठण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी परत चढेपर्यंत तीन तास उन्हात बसावे लागले. पाण्याची एकच बाटली होती, ती मुलांना दिली. चूक सर्वस्वी आमची होती.

माणसे किती?

२० फुटांहून लहान होड्यांसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने सांगितलेला एक ठोकताळा उपयोगी आहे. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा आणि १५ ने भागा. १५ गुणिले ५ म्हणजे ७५, भागिले १५, उत्तर ५ माणसे. ही संथ पाण्यातली कमाल मर्यादा आहे. जाळे, बर्फाची पेटी, जेवणाचे डबे असतील तर एक माणूस कमी करावा. मूल म्हणजे 'अर्धे तिकीट' हा बसमधला हिशेब होडीत चालत नाही. होडीत मूलही पूर्ण माणूस, कारण तेच जास्त हलते.

पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंतची उंची, म्हणजे 'कोरडा काठ', सगळे बसल्यावर मोजावी. रिकाम्या होडीचा काठ सगळ्यांचाच उंच दिसतो.

लाकूड, फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

लाकडी होडी दुरुस्त करायला गावातला सुतार पुरतो आणि पाणी भरले तरी लाकूड मुळात तरंगते. पण तिला दरवर्षी ओढून वाळवणे, फटी बुजवणे, तेल देणे आले. एक वर्ष आळस केला की दोन वर्षांचे आयुष्य जाते.

फायबरची होडी कुजत नाही, हलकी असते आणि देखभाल कमी मागते. मात्र लक्षात ठेवा, फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. अ‍ॅल्युमिनियमही तसेच. अशा होडीत पाणी भरले तर इंजिनाच्या वजनासकट ती तळाला जाईल. म्हणून बाकांखाली बंद कप्पे आणि त्यांत फोम भरलेला हवा. हा फोम थर्माकोलचा नको, कारण पेट्रोल सांडले की थर्माकोल विरघळतो. पाणी न शोषणारा पॉलियुरेथेनचा फोम मागावा. पैसे देण्याआधी विक्रेत्याला सांगावे, "काठाजवळ पाणी भरून दाखवा." चांगला कारागीर या मागणीने रागावत नाही.

हवा भरायच्या रबरी होड्या स्वस्त दिसतात. पण आपल्या खाड्यांतल्या दगडांवर आणि खांबांवर कालवे असतात. त्यांची धार सुरीसारखी असते. एवढे सांगितले की पुरे.

इंजिन

१५ फुटांच्या होडीला नदीत ८ ते १० अश्वशक्तीचे इंजिन पुरे होते. जास्त ताकदीचे इंजिन जड असते, त्यामुळे होडीची मागची बाजू खाली बसते आणि उथळ पाण्यासाठी कमावलेले सेंटीमीटर तिथेच जातात. इंजिन मागे असते, म्हणून नांगर आणि पिण्याचे पाणी पुढे ठेवून वजन सारखे करावे. चार-स्ट्रोक इंजिन महाग आणि थोडे जड, पण आवाज आणि धूर कमी. सहलीत मुले मागे बसतात, तेव्हा हा फरक कळतो.

इंजिन आपोआप बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवीच. तो पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन थांबते. ती नसेल तर रिकामी होडी गोल फिरत त्याच्यावरच येऊ शकते.

पाणी, वारा आणि वेळ

होडी कितीही चांगली असली तरी ती कुठे आणि कधी न्यायची, हे कळले पाहिजे. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी सुमारे २ मीटर चढते-उतरते.

हे पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. ओहोटीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग जातो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे २ मीटरच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी अर्धा मीटर उतरते. आपल्या होडीला इंजिनासकट लागत होते तेवढेच! "आत्ता तर पाणी होते" असे जे म्हटले जाते, ते याच दोन तासांत. हा ठोकताळा आहे. नदीत आत जाल तसा फरक पडतो. म्हणून मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि आपल्या वाड्यावरच्या जाणत्या माणसाला विचारावे. सहलीसाठी चढत्या पाण्यात निघावे, म्हणजे रुतलो तरी पाणीच आपल्याला उचलते.

खाजनाच्या मानशीजवळ ओहोटीला पाण्याचा मोठा ओढा असतो. तिथे मासा मिळतो हे खरे, पण मुले बरोबर असताना होडी तिथे नेऊ नये. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात हातपाय सोडून बसणेही नको.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळ शांत असते. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावत असेल तर वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात आणि नदीच्या मुखाशी लाटा आखूड व उभ्या होतात. नदीच्या मुखावरचा रेतीचा पट्टा तर मोठ्यांनाही जुमानत नाही. पावसाळ्यात आग्वादच्या पट्ट्यावरून जाणे धोक्याचे म्हणून खनिजाच्या बार्जदेखील कुंभारजुवे कालव्याने मुरगावला जात. जिथे बार्ज माघार घेते, तिथे आपली १५ फुटांची होडी कशाला? आपण वर्णन केलेली होडी नदीची आहे, समुद्राची नाही.

कागदपत्रे

मासेमारीच्या होडीची नोंदणी मच्छीमारी खात्याकडे होते. प्रवासी व इतर जलवाहतूक कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याच्या कक्षेत येते. नद्यांतील यांत्रिक बोटींसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. होडी दोन कामांसाठी घेणार असाल तर विकत घेण्याआधी दोन्ही कार्यालयांत विचारून घ्यावे. घरच्यांना फिरवणे वेगळे आणि पैसे घेऊन पाहुण्यांना फिरवणे वेगळे. दुसऱ्यासाठी वेगळा परवाना लागतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. मासे अंडी घालतात तो हा काळ. लहान होड्यांना काही सवलती असल्या तरी मुलांची सहल या दोन महिन्यांत नकोच.

तर मग कोणती घ्यावी?

माझे मत असे. १५ ते १६ फूट लांब, निदान ५ फूट रुंद, नाळेकडे टोकदार व मागे सपाट तळाची, बाकांखाली फोम भरलेली फायबरची होडी. ८ ते १० अश्वशक्तीचे, वर उचलता येणारे इंजिन. दोन वल्ही आणि एक लांब बांबू. नाळेवर पाग मारायला उभे राहता येईल एवढी खडबडीत पृष्ठभागाची फळी असावी. काठावर जाळे अडकेल असा खिळा किंवा कडी वर आलेली नसावी. गरी ठेवायला झाकणाचा डबा हवा, म्हणजे रविवारची गरी सुट्टीत मुलाच्या पायात जाणार नाही. सावलीचे कापड काढता येणारे असावे, कारण वारा आला की ते शिडाचे काम करते.

घेण्याआधी एक परीक्षा घ्यावी. घरातले सगळे आणि सगळे सामान घेऊन, धक्क्याजवळच्या संथ पाण्यात, एक तास बसून पाहावे. सगळे एका बाजूला हळूच सरकले तर काठ किती खाली येतो, ते पाहावे. आजींना चढता-उतरता येते का, तेही तेव्हाच कळते.

आणि तडजोड मुळीच नको अशी एक गोष्ट : प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. मुलांचे जॅकेट वजनानुसार घ्यावे, त्याला मान धरणारी कॉलर आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असावा. ते बाकाखाली ठेवायचे नाही, धक्क्यावरच अंगात घालायचे. पोहता येणाऱ्यानेही.

जाता जाता विश्वस्त मंडळाला एक विनंती. आपल्या मुलांच्या घरी होड्या आहेत, पण मुलांच्या मापाची जॅकेट फार थोड्या घरांत असतील. शाळेने अशी दहा-बारा जॅकेट घेऊन ठेवली आणि वाचनालयातल्या पुस्तकांसारखी सुट्टीत घरोघर वापरायला दिली, तर खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाइतकाही येणार नाही. नोंदवही सांभाळायला मी तयार आहे.

आणि त्या पालकांच्या जुन्या लाकडी होडीचे काय? ती लगेच विकू नका. काठाशी उलटी ठेवून तिला तेल द्या. मुलांना वल्हे मारायला शिकवण्यासाठी, दोरी बांधून, कंबरभर पाण्यात, तिच्यासारखी दुसरी होडी मिळणार नाही.